घरगुती पाण्याचा जमाखर्च

एखाद्या गृहस्थास घरी महिन्याला दूध किती लागते असे विचारले, तर तो तत्काळ उत्तर देईल. गहू किती दळून आणावे लागतात, तेलाचा डबा किती दिवस पुरतो, विजेचे बिल गेल्या महिन्याहून किती वाढले, हेही घरातील कोणी ना कोणी सांगू शकते. परंतु घरात रोज पाणी किती खर्च होते, या प्रश्नाला ‘एक टाकी’, ‘नळ असेपर्यंत’, ‘लागेल तेवढे’ अशीच उत्तरे मिळतात. जी वस्तू वजनाने घरात सर्वांत अधिक येते, तिचेच माप घरात कोणापाशी नसते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पाणी डोक्यावरून वाहून आणावे लागत असे, तेव्हा अशी स्थिती नव्हती. विहिरीवर किती खेपा झाल्या हे खेपा घालणारीच्या मानेला व कमरेला ठाऊक असे. आणि देशातील पुष्कळ घरांत आजही ते तसेच ठाऊक असते. हंडा, घागर, कळशी ही जशी भांडी होती तशी मापेही होती. नळ आला आणि कष्ट गेले, हे इष्टच झाले. परंतु कष्टांबरोबर मापही गेले. नळाचे पाणी अखंड धारेने येते, आणि धारेला घागरीसारखा काठ नसतो.

भारतात नागरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना, जेथे भुयारी गटारे आहेत अशा शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले जाते. ग्रामीण घरांसाठी २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने हे प्रमाण माणशी ५५ लिटर ठरविले. पहिल्या हिशेबाने चौघांच्या शहरी कुटुंबाला दिवसाला ५४० लिटर, म्हणजे १५ लिटरांच्या ३६ बादल्या मिळावयास हव्यात. दुसऱ्या हिशेबाने तेवढ्याच माणसांना २२० लिटर. वाचकांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. पुढील विवेचनात लहानमोठे ठरविण्यास तेच उपयोगी पडणार आहेत.

थेंब आणि धार

पाणी वाचविण्याचा संदेश देणाऱ्या फलकांवर टपटपणाऱ्या नळाचे चित्र हमखास आढळते. चित्राचा हेतू चांगला आहे. त्यातील गणित मात्र सहसा कोणी करीत नाही. ते करून पाहावे. साधारणतः वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दर सेकंदास एक थेंब या गतीने नळ गळत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सव्वाचार लिटरांहून किंचित अधिक पाणी जाते. एवढ्याने लहानशी कळशीही भरणार नाही. ५४० लिटरांचा हा शंभरावा भागदेखील नव्हे. नळाचा वायसर बदलावा हे खरेच, पण घरातील पाणी तेथून जात आहे असे समजून निश्चिंत होण्यासारखी चूक दुसरी नाही.

आता फ्लशच्या टाकीकडे पाहू. तिच्या बुडाशी रबराची एक झडप असते. ती झिजली किंवा तिच्या काठावर क्षार साचले म्हणजे ती पुरती टेकत नाही, आणि शौचकूपाच्या मागील बाजूवरून पाण्याचा पातळ पापुद्रा निःशब्दपणे खाली उतरत राहतो. पांढऱ्या चिनी मातीवरून वाहणारे हे पाणी डोळ्यांना सहसा दिसत नाही. समजा, हा प्रवाह पाच मिनिटांत एक लिटर इतकाच आहे. तासाला १२ लिटर झाले, आणि दिवसाला २८८. म्हणजे चौघांच्या कुटुंबाचा निम्म्याहून अधिक वाटा कोणीही न वापरता गटारात जातो. ना आवाज, ना ओल, ना कोणाची तक्रार.

तिसरे उदाहरण भिंतीतल्या नळीचे. गच्चीवरील टाकीतील पाण्याच्या पातळीपासून तीन मीटर खाली नळीला एक मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले आहे असे मानू. टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखवून दिले, की छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग त्यावरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. येथे तो सेकंदाला सुमारे ७.७ मीटर येतो. छिद्रातून निघताना धार आकसते. त्याची वजावट करूनही दिवसाकाठी ३०० लिटरांच्या वर पाणी निघून जाते. उंची चौपट झाली तर गळती दुप्पट होते. उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर नळ उगाचच जोराने वाहतात व झडपा लवकर खराब होतात, त्याचे कारण हेच. आणि अशा ठिकाणी दाब कमी करणारी झडप नळीवर बसविली तर नळाचा उपयोग न घटता अपव्यय तेवढा घटतो.

तिन्ही उदाहरणांचा इत्यर्थ एकाच गुणाकारात मावतो. खर्च म्हणजे प्रवाह गुणिले काळ. यांपैकी प्रवाह डोळ्यांना दिसतो. काळ दिसत नाही. जो नळ धो धो वाहतो तो कोणी तरी दोन मिनिटांत धावत येऊन बंद करते, आणि जो मुकाट झिरपतो तो महिनोन्‌महिने झिरपत राहतो. मनुष्याची इंद्रिये या कामी अपुरी पडतात, म्हणून काळाची बेरीज करणारे यंत्र हवे.

मापकाच्या पोटात

असे यंत्र पुष्कळ घरांच्या दाराशी आधीच बसविलेले असते. त्याला जलमापक म्हणावे असे कोशकार सांगतात. सर्व जण त्याला मीटर म्हणतात. विल्यम सीमेन्स याने १८५१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ज्या मापकाची रचना केली, त्यात वाहते पाणी एक चक्र फिरवी आणि चक्राचे फेरे मोजले जात. आज घराघरांत जो यांत्रिक मापक आढळतो त्याचे तत्त्व यापेक्षा फारसे निराळे नाही. पाणी तिरप्या छिद्रांतून एका लहान कोठडीत शिरते व तेथील हलक्या चक्राच्या पात्यांवर आदळते. चक्र फिरते; त्यावर बसविलेला चुंबक वरच्या कोरड्या कोठडीतील दुसऱ्या चुंबकाला आपल्याबरोबर फिरवितो; त्यापुढे दात्यांची चाके येतात आणि शेवटी आकडे. काळे आकडे घनमीटर दाखवितात, तांबडे आकडे त्याचे अंश. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. तबकडीवर एक चिमुकली तारका किंवा त्रिकोणही असतो. प्रवाह अगदी थोडा असला तरी तो फिरताना दिसावा, एवढ्यासाठीच त्याची योजना असते.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा मापक पाणी मोजतच नाही. तो फेरे मोजतो आणि त्यावरून पाण्याचे अनुमान करतो. अनुमान दोन ठिकाणी चुकते. प्रवाह फारच मंद असेल तर पाणी पात्यांच्या बाजूने निसटते व चक्र हलत नाही. घरगुती जोडणीवरील पंधरा मिलिमीटरचा ‘ब’ वर्गाचा मापक तासाला ३० लिटरांपेक्षा मंद प्रवाह बिनचूक मोजील अशी हमी नसते. वर पाहिलेली फ्लशच्या टाकीची गळती तासाला १२ लिटर होती. म्हणजे दिवसाचा निम्मा वाटा गिळणारी ही गळती मापकाच्या दृष्टीने अंधूक प्रदेशातच राहते. दुसरी चूक हवेची. ज्या गावात पाणी दिवसातून तास-दोन तास येते, तेथे बाकीच्या वेळी नळ्यांत हवा शिरते. पाणी येण्यापूर्वी नळ फुसफुसतो हे सर्वांच्या परिचयाचे आहे. ती हवा मापकातून जाताना चक्र वेगाने फिरते, आणि गृहस्थाच्या खाती हवाच पाणी म्हणून मांडली जाते.

या अडचणींवर दोन उपाय निघाले आहेत आणि दोन्हींत फिरणारा भाग नाही. पहिल्याचा उगम मोठा मनोरंजक आहे. जानेवारी १८३२ मध्ये मायकेल फॅरडे याने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत धातूचे पत्रे सोडले व ते तारेने विद्युत्‌धारा दाखविणाऱ्या यंत्रास जोडले. वाहती नदी हा एक वाहक आहे, पृथ्वीला चुंबकत्व आहे, तेव्हा नदीच्या प्रवाहामुळे विद्युत् निर्माण झाली पाहिजे असा त्याचा तर्क होता. तर्क बरोबर होता. उपकरणे कच्ची होती, आणि इतर कारणांनी निर्माण होणाऱ्या धारांच्या गोंधळात त्याला निश्चित उत्तर मिळाले नाही. पृथ्वीच्या जागी नळीभोवती विद्युत्‌चुंबक बसवून तेच तत्त्व आजच्या विद्युत्‌चुंबकीय मापकात वापरले जाते. दुसऱ्या उपायात ध्वनीचा उपयोग आहे. कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च स्वराचा स्पंद प्रवाहाच्या दिशेने पाठविला तर तो किंचित लवकर पोहोचतो, उलट दिशेने पाठविला तर किंचित उशिरा. दहा सेंटिमीटरच्या अंतरात पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर या दोन वेळांतील फरक एका सेकंदाचा सुमारे एककोटीवा भाग भरतो. एवढा सूक्ष्म काळ मोजणे आता लहानशा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रालाही साधते. असा मापक मंद झिरप्याचीही नोंद घेतो. त्याची किंमत मात्र यांत्रिक मापकाहून बरीच अधिक असते.

रात्रीची नोंद

मापक कोणताही असो, त्याचा सर्वांत बोलका आकडा रात्रीचा असतो. दिवसा घरात पाणी वापरले जाते, त्यामुळे खर्च आणि गळती एकमेकांत मिसळून जातात. रात्री अकरा वाजता सर्व नळ बंद झाल्यावर आकडा टिपून ठेवावा व पहाटे पाचला पुन्हा पाहावा. मधल्या वेळात कोणी पाणी घेतले नसेल, तर फरक शून्य यावयास हवा. तो शून्य नसेल तर तेवढी गळती, यात वादाला जागा नाही. मोठमोठ्या शहरांतील पाणीपुरवठ्याचे अभियंते एकेका विभागाची गळती शोधताना रात्रीच्या किमान प्रवाहाचाच आधार घेतात. घर हे त्याचेच लहान रूप होय.

परंतु भारतातील बहुसंख्य शहरांत ही कृती जशीच्या तशी करता येत नाही. पाणी ठरावीक वेळीच येते, ते जमिनीखालच्या हौदात साठते, तेथून मोटरने गच्चीवरील टाकीत चढते आणि मग नळाला येते. मापक रस्त्याजवळ, गळती स्वयंपाकघराच्या भिंतीत, आणि दोहोंमध्ये दोन टाक्या. रस्त्यावरचा मापक रात्री स्तब्धच असतो. त्याला घरातील गळतीचा पत्ता लागणे शक्य नाही. अशा घरी नोंद घ्यावयाची ती टाकीच्या पातळीची. गोल टाकीचा आतला व्यास ११० सेंटिमीटर असेल, तर तिच्या एक सेंटिमीटर उंचीत साडेनऊ लिटर पाणी मावते. सेंटिमीटरच्या खुणा केलेली कोरडी काठी रात्री टाकीच्या बुडापर्यंत उभी बुडवावी, ओल कोठवर आली ते पाहावे, आणि सकाळी कोणी उठण्यापूर्वी पुन्हा तसेच करावे. तासाला १२ लिटरांची गळती आठ तासांत पातळी दहा सेंटिमीटरने खाली आणते. काठीवरून ती कोणालाही कळेल.

गळती आहे हे ठरल्यावर ती कोठे आहे ते शोधावयाचे. प्रथम संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा. कपड्यांना घालावयाची नीळ थोडी पाण्यात कालवून त्या टाकीत ओतावी आणि अर्धा तास तिला हात लावू नये. खालच्या भांड्यात निळे पाणी उतरले तर झडप दोषी. नीळ उतरली नाही तर एकेक तोटी व झडप बंद करीत पुढे जावे.

ज्यांच्या घरी कूपनलिका आहे त्यांच्याकडे बहुधा मापकच नसतो, आणि पाणी आपल्याच जमिनीतले म्हणून हिशेबही नसतो. तेथे घड्याळ पुरते. मोटर चालू असताना एक बादली किती सेकंदांत भरते ते एकदा पाहून ठेवावे. मग मोटर रोज किती मिनिटे चालली एवढेच टिपले की खर्च निघतो. कूपनलिकेतील पाणी खोल जात चालले की तेवढ्याच पाण्याला मोटरची अधिक मिनिटे लागू लागतात. बादलीची चाचणी दर महिन्याला पुन्हा करणाऱ्याला ही सूचना शेजाऱ्यांच्या आधी मिळते.

केप टाउनमधील उन्हाळा

घरातल्या मापकावर एका संपूर्ण शहराचे भवितव्य अवलंबून राहावे, असा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे आला. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. २०१५ पासून सलग तीन वर्षे तो अपुरा पडला. शहराला पाणी पुरविणाऱ्या धरणांपैकी सर्वांत मोठे थीवॉटर्सक्लूफ. त्याचे बरेचसे पात्र २०१८ च्या आरंभी कोरडे पडून त्यावरून धूळ उडू लागली होती. धरणांतील एकूण साठा साडेतेरा टक्क्यांवर आला, की बहुतेक भागांतील घरांचे नळ बंद करावयाचे आणि शहरात दोनशे ठिकाणी माणशी २५ लिटर पाणी रांगेत वाटावयाचे, असे नगरपालिकेने जाहीर केले. त्या दिवसाला ‘शून्य दिवस’ असे नाव पडले, आणि तो एप्रिल महिन्यात येणार असे अंदाज प्रसिद्ध होऊ लागले.

१ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटर ही मर्यादा घालण्यात आली. भारतातील ग्रामीण प्रमाणाहून हे कमीच. मर्यादा घालणे सोपे. ती पाळली जाते की नाही हे कळणे मापकाविना अशक्य होते. नगरपालिकेने शहराचा एक नकाशा सर्वांना पाहता येईल असा खुला केला. ज्या घराचा महिन्याचा वापर ६,००० लिटरांच्या आत असेल त्यावर गडद हिरवा ठिपका. ६,००० ते १०,५०० लिटरांपर्यंत असेल त्यावर फिकट हिरवा. शेजाऱ्याच्या दारावर हिरवा ठिपका आहे आणि आपल्या दारावर नाही, ही गोष्ट दंडाच्या नोटिशीपेक्षा अधिक बोचते, हे मनुष्यस्वभाव जाणणाऱ्यास सांगावयास नको. तथापि शेजाऱ्याच्या खाजगी व्यवहाराकडे सर्व गावाने पाहावे काय, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला, आणि तो बिनबुडाचा नव्हता.

याच सुमारास स्टेलनबॉश विद्यापीठातील अभियंत्यांनी तयार केलेली मापनयंत्रे त्या भागातील शेकडो शाळांत बसविण्यात आली. शाळेच्या मुख्य नळावरील मापकाचे आकडे हे यंत्र मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यातून दूर पाठवी, आणि आलेख पडद्यावर उमटे. पुष्कळ शाळांच्या आलेखांत एकच विचित्र गोष्ट आढळली. मुले घरी गेली, फाटक बंद झाले, मध्यरात्र उलटली, तरी रेषा शून्यावर येत नव्हती. रिकाम्या शाळेत पाणी वाहतच होते. शौचालयांच्या झडपांतून, मुताऱ्यांतून, जमिनीखालच्या नळ्यांतून. यांपैकी पुष्कळसे दोष साध्या किरकोळ दुरुस्तीने निघाले. ते वर्षानुवर्षे तसेच राहिले होते, कारण रात्री शाळेत कोणी नसते आणि बिल शाळेतल्या कोणाच्या खिशातून जात नाही.

२०१५ मध्ये ऐन उन्हाळ्यात हे शहर दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर पाणी वापरीत असे. २०१८ मध्ये हा वापर सुमारे ५० कोटी लिटरांवर उतरला. शून्य दिवस पुढे पुढे ढकलला गेला, आणि हिवाळ्यात पाऊस आल्यावर तो टळला. हे श्रेय केवळ घरगुती काटकसरीचे नव्हे. नळांतील दाब मुद्दाम कमी करण्यात आला होता, आणि फेब्रुवारीत ग्रोनलँड भागातील शेतकऱ्यांनी आपल्या साठ्यातील सुमारे एक कोटी घनमीटर पाणी शहरासाठी सोडले होते. या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ठरावीक लिटर झाले की नळ आपोआप बंद करणारे यंत्र केप टाउनमध्ये दुष्काळापूर्वीच गरीब वस्त्यांत बसविलेले होते, आणि त्याची मर्यादा घराला दिवसाकाठी ३५० लिटर होती. चौघांच्या घराला ते पुरे. परंतु एकाच आवारात तीन बिऱ्हाडे राहत असतील तर दुपारीच नळ कोरडा. बागा व पोहण्याचे तलाव असलेल्या घरांवर असा निर्बंध पुष्कळ उशिरा आला. यंत्र दोन्हीकडे सारखेच चालते. ते प्रथम कोणाच्या दारी बसवावयाचे हे यंत्र ठरवीत नाही.

भारतातील काही प्रयोग

महाराष्ट्रात कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूर या सुमारे तीस हजार वस्तीच्या गावी २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. तेथे प्रत्येक जोडणीवर मापक आहे, आणि तो आपला आकडा रेडिओलहरींनी कळवितो. नोंद घेणाऱ्याला घरात शिरून तबकडी पुसून पाहावी लागत नाही. दराची रचना चढत्या पायऱ्यांची आहे. थोडे वापरणाऱ्यास स्वस्त, अधिक वापरणाऱ्यास वरच्या लिटरांना महाग. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील असे भाकीत अशा योजनांविषयी नेहमी केले जाते. वस्तुतः मापक आणि चढता दर सोबत असेल तर उलटही घडू शकते. उद्या नळ येईल की नाही याची धास्ती नसली म्हणजे हंडे भरून ठेवण्याची आणि नवे पाणी आले की ‘शिळे’ पाणी ओतून देण्याची सवय सुटते. ओडिशातील पुरी हे शहर २०२१ साली चोवीस तास थेट नळाचेच पाणी पिण्याजोगे मिळणारे शहर म्हणून जाहीर झाले. तेथेही घरोघर मापक आहेत.

नव्या बनावटीचे, ज्यांना स्मार्ट मीटर म्हणतात ते मापक तासातासाची नोंद पाठवितात. रात्रीची चाचणी मग रोज आपोआप होते, आणि शून्य न आल्यास गृहस्थाच्या मोबाइलवर सूचना येते. परंतु तासातासाच्या नोंदीवरून घरातील मंडळी केव्हा उठतात, केव्हा गावाला जातात, पाहुणे कधी आले, हेही वाचता येते. ही वही कोणाच्या हाती राहील, हे मापक बसविण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

तोट्या, फ्लश आणि मोटर

वापरच कमी व्हावा यासाठी बाजारात अनेक साधने मिळतात. त्यांची पारख आपल्या राहणीवरून करावी. नळाच्या तोंडाशी बसवावयाची जाळी धारेत हवा मिसळते. हात धुताना धार भरघोस वाटते आणि पाणी निम्मेच लागते. पण त्याच नळाखाली बादली ठेवली तर बादलीला तेवढेच पाणी लागणार. केवळ ती भरण्यास दुप्पट वेळ जाईल. जेथे स्नान बादलीने होते तेथे या जाळीची जागा न्हाणीघरात नव्हे, तर हात धुण्याच्या भांड्यावर व स्वयंपाकघरात आहे. भांडी आणि भाजी वाहत्या नळाखाली धुतली जातात, तेथे ती आपली किंमत भरून काढते.

फ्लशच्या बाबतीत लाभ निःसंशय मोठा आहे. १९८० साली ऑस्ट्रेलियातील कॅरोमा कंपनीतील ब्रूस टॉम्सन याने दोन कळांची टाकी योजिली. एक कळ पूर्ण पाण्याची, दुसरी अर्ध्याची. आज अशा टाकीत सामान्यतः सहा व तीन लिटर सोडले जातात. जुनी टाकी दर वेळी दहा लिटर सोडीत असेल आणि चौघांपैकी प्रत्येक जण दिवसातून पाच वेळा ती वापरीत असेल, तर २०० लिटर लागतात. नव्या टाकीत एकदा पूर्ण व चारदा अर्धी असा हिशेब धरल्यास ७२ लिटर पुरतात. फरक १२८ लिटरांचा, म्हणजे साडेआठ बादल्यांचा. मात्र या टाकीची झडप वाळूच्या एखाद्या कणानेही अधांतरी राहू शकते, आणि मग मागील हिशेबातले २८८ लिटर उलट्या बाजूने उभे राहतात. म्हणून नीळ नव्या टाकीलाही लावून पाहावी.

गच्चीवरून भरून वाहणारी टाकी हा भारतातील घरांचा खास दोष. मिनिटाला ३० लिटर चढविणारी मोटर दहा मिनिटे विसरली गेली तर ३०० लिटर पन्हाळीतून जातात. यावर उपाय साधा आहे. टाकीत पोलादाच्या दोन कांड्या वेगवेगळ्या उंचीवर टांगतात, आणि तिसरी बुडापर्यंत. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने त्यातून वीज वाहते. पाणी वरच्या कांडीला टेकले की मंडल पूर्ण होऊन मोटर थांबते. खालच्या कांडीचा स्पर्श सुटला की ती पुन्हा सुरू होते. यासाठी अगदी अल्प दाबाची आणि दिशा पालटणारी वीज वापरतात, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेमुळे कांड्या लवकर झिजतात. ज्यांच्या टाकीत थेट रस्त्याच्या नळाचे पाणी येते त्यांना तर एवढेही नको. चांगला बॉलकॉक पुरतो.

हा बॉलकॉक कोणाच्या उपयोगाचा, हे गल्लीतील शेवटच्या घराकडे गेल्यावर कळते. पाणी तास-दोन तासच येते तेव्हा रस्त्याखालच्या नळीतील दाब सर्व घरांत मिळून वाटला जातो. आरंभीच्या घरांतील एक टाकी भरून वाहत असेल तर त्या घराला त्याचा काही तोटा जाणवत नाही. बिल ठोक दराचे असले तर तेही तेवढेच राहते. पण तेवढा दाब नळीतून कमी होतो, आणि टोकाच्या घरी धार बारीक होते किंवा थांबते. तेथील बाई तेव्हा घागर घेऊन सार्वजनिक नळाकडे निघते, नाही तर टँकरची वाट पाहते.

शाळेतील मुलांना हे पडताळून पाहता येईल. एकाच गल्लीतील पहिली पाच घरे आणि शेवटचे घर निवडावे. आठ दिवस पहिल्या पाच घरांतील मुलांनी आपल्या टाक्या भरून वाहू लागल्याची वेळ टिपावी, आणि शेवटच्या घरातील मुलाने आपला नळ केव्हा आला, एक बादली किती सेकंदांत भरली व पाणी केव्हा गेले ते टिपावे. नवव्या दिवशी पाचही टाक्यांचे बॉलकॉक दुरुस्त करवून घ्यावेत, आणि शेवटच्या घरातील नोंद पुढे आणखी आठ दिवस चालू ठेवावी.